आदन अद्दे की उस्मान? सोमाली नावं मराठीत लिहिताना

प्रश्न: सोमालियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आदन अब्दुल्ले उस्मान यांच्यावर लेख लिहीत आहे. पुढच्या उल्लेखांत नुसतं ‘उस्मान’ चालेल का? काही ठिकाणी ‘एडन आडे’ दिसतं, ते कोणी वेगळे का?

उत्तर: व्यक्ती एकच. पण ‘उस्मान’ कृपया लिहू नका, ते त्यांच्या आजोबांचं नाव. सोमाली माणसाला आडनाव नसतं: आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आजोबांचं नाव. लग्नानंतर बाईचं नावही बदलत नाही.

‘आदन’ म्हणजे आदम. ‘एडन’ लिहिलं की येमेनचं बंदर आठवतं, म्हणून ते टाळा. ‘अद्दे’ म्हणजे गोरा. पण आपल्याकडच्या ‘गोरे’सारखं ते मुलाबाळांकडे जात नाही, ते त्यांचं एकट्याचं टोपणनाव. अशा टोपणनावाला सोमालीत ‘नानेस’ म्हणतात, आणि त्यात हिणकस काही नाही. एकाच नावाचे अनेक जण असल्यावर ओळख पटायला ते लागतंच. मोगादिशूच्या विमानतळालाही ‘आदन अद्दे’ हेच नाव आहे, तेव्हा लेखात निर्धास्त वापरा.

उच्चाराचा घोळ रोमन लिपीमुळे होतो. १९७२ मध्ये सोमालीसाठी ती अधिकृत झाली, तेव्हा अरबी ‘ऐन’ या घशातून येणाऱ्या ध्वनीसाठी ‘सी’ हे अक्षर घेतलं. त्यामुळे ‘अली’ आणि ‘अद्दे’ दोन्ही ‘सी’ने सुरू होतात. ‘कॅडे’ वाचायचं नाही.

पुरवणी: लेखात ‘अध्यक्ष’ शब्दही जपून वापरा. आदन अद्दे १९४४ मध्ये सोमाली युवा संघटनेत आले, पुढे तिचे अध्यक्ष झाले. १९५६ मध्ये कायदेमंडळाचं प्रमुखपद मिळालं, तिथे ‘सभापती’ बरा. १ जुलै १९६० पासून ते ‘राष्ट्राध्यक्ष’. तिन्हीकडे ‘अध्यक्ष’ लिहिलंत तर वाचकाला काही उमगणार नाही.

१९५० ते ६० या काळाला ‘इटालियन वसाहत’ही म्हणू नका. तो संयुक्त राष्ट्रांचा ‘विश्वस्त प्रदेश’ होता. कारभार इटलीकडे, पण दहा वर्षांनी स्वातंत्र्य द्यायचं हे आधीच ठरलेलं. उत्तरेचा ब्रिटिश भाग २६ जून १९६० ला वेगळा स्वतंत्र झाला आणि पाच दिवसांत दोन्ही एक झाले.

आणि १९६७ बद्दल ‘पायउतार व्हावं लागलं’ असं लिहिलेलं मला खटकतं. संसदेतल्या निवडणुकीत ते अब्दिरशीद अली शर्मार्के यांच्याकडून हरले आणि त्यांनी शांतपणे सत्ता सोपवली. त्या काळच्या आफ्रिकेत ही केवढी मोठी गोष्ट होती! ‘सत्ता सुपूर्द केली’ हेच शब्द हवेत. ऑक्टोबर १९६९ मध्ये शर्मार्के यांची हत्या झाली, आठवडाभरात लष्करानं सत्ता घेतली आणि आदन अद्देही कैदेत गेले. १९९० मध्ये, ऐंशी ओलांडलेली असताना, त्यांनी लष्करशहा सियाद बर्रे यांच्या राजवटीविरुद्धच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि पुन्हा अटक ओढवून घेतली. २००७ मध्ये नैरोबीत त्यांचं निधन झालं.

प्रश्न: मग ‘शर्मार्के’ तरी आडनाव आहे ना? २००९ मध्ये त्यांचे पुत्र उमर पंतप्रधान झाले, त्यांनाही सगळे शर्मार्केच म्हणतात.

उत्तर: नाही, तेही आजोबांचंच नाव. मुलाच्या बाबतीत ते पणजोबांचं होतं. परदेशी बातम्यांनी शेवटचा शब्द उचलला आणि तो रुळला. मराठीत ‘उमर अब्दिरशीद’ लिहावं, म्हणजे वडील कोण तेही कळतं.