१/३५ रणगाड्यावर ग्लॉस क्लिअर रवाळ होतोय, काय करावं?

भुसावळ_३५
राम राम मंडळी. १/३५ स्केलचं टी-५५ रणगाड्याचं प्लास्टिक मॉडेल आहे, रंग टामिया ॲक्रिलिकचा मॅट हिरवा. डिकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर-चिन्हं) आधी ॲक्रिलिक ग्लॉस क्लिअर (चमकदार पारदर्शक थर) मारला तर चमक आलीच नाही, बोट फिरवलं की बारीक रवा लागतो. एअरब्रशचं नोझल ०.३ मिमी, प्रेशर २५ पीएसआय, अंतर वीतभर. भर मे, दुपारी खोलीत ४० अंश, कूलर सुरू. पुढे डिकल, इनॅमल वॉश (खाचांत उतरवायचा पातळ गडद रंग) आणि शेवटी मॅट क्लिअर. हा थर काढावा लागेल का? आणि रणगाड्याला ग्लॉस मुळात लागतोच का?

वॉटरपेपर
काढू नका भाऊ. थेंब वाटेतच वाळतायत. एवढं प्रेशर, एवढं अंतर आणि आपल्याकडचा मे. क्लिअर मॉडेलवर पोचेपर्यंत त्याची भुकटी होते, मग थेंब एकमेकांत मिसळून सपाट कसे होणार? २००० चा वॉटर पेपर ओला करून हलका फिरवा. कडा आणि रिव्हेट सोडा, तिथला हिरवा लगेच निघतो.

मग टामिया एक्स-२२ (त्यांचा ॲक्रिलिक ग्लॉस क्लिअर) एक भाग, मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर एक ते दीड भाग. या लॅकर थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारा घटक) असतोच, त्यामुळे थराला सपाट व्हायला वेळ मिळतो. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर मात्र चुकूनही नको, प्लास्टिक खातं. प्रेशर १५, अंतर ८ ते १० सेंमी. पहिले दोन हात धुक्यासारखे, मध्ये १० मिनिटं. तिसरा ओला, पण दिव्याचं प्रतिबिंब दिसू लागलं की थांबा. पुढे गेलात तर रिव्हेटभोवती आणि वेल्डच्या रेघांत तळी साचतात. पहिलाच हात ओला मारला तर थिनर खालचा ॲक्रिलिक सैल करतं. याच कारणाने एक्स-२२ ब्रशने लावू नका, हिरवा ब्रशला येतो.

काम सकाळी सहा-सातला उरका. कूलर बंदच हवा. त्याच्या दमट वाऱ्याने लॅकर थिनरमधला क्लिअर पांढुरका पडतो, धूळ येते ती वेगळीच.

चेन_आणि_चाकं
वरचं सगळं बरोबर, पण अख्खा रणगाडा आरशासारखा करायची गरज नाही. डिकलखाली ग्लॉस लागतो, कारण मॅट रंग खडबडीत असतो. खाचांत हवा अडकते आणि डिकलची पारदर्शक कड चंदेरी दिसते. टी-५५ चा टरेट (वरचा फिरता बुरुज) ओतीव, आधीच खरबरीत, म्हणून नंबरांच्या जागी नीट द्या. चाकं, चेन, खालचा हल (सांगाडा) यांना ग्लॉस देऊच नका. तिथे पिगमेंट (धूळ-मातीसाठीची रंगीत पूड) बसवायचं असतं आणि ते गुळगुळीत थरावर धरत नाही.

वॉशचं म्हणाल तर पिन वॉश (फक्त रेघा-खाचांत टेकवलेला वॉश) ग्लॉसवर रेघेत आपोआप धावतो, जास्तीचा मिनरल टर्पेंटाइनने ओलावलेल्या ब्रशने पुसता येतो. फिल्टर (अख्ख्या पृष्ठभागावरचा अगदी पातळ रंगछटेचा थर) मात्र ग्लॉसवर थेंब धरतो आणि वाळल्यावर कडेला डाग राहतो. फिल्टर करायचा असेल तर सॅटिन (अर्धवट चमकीचा) क्लिअर बरा. वॉशखालचा क्लिअर इनॅमल नको, टर्पेंटाइन त्यालाच विरघळवतं. आणि वॉश ओतू नका. सांध्यांत मुरला तर ताणातलं प्लास्टिक तडकतं.

भुसावळ_३५
मधे किती थांबायचं? आणि डिकलवर परत क्लिअर?

वॉटरपेपर
ग्लॉसनंतर २४ तास. उन्हाळ्यात वरून लवकर वाळल्यासारखा वाटतो, आत ओला असतो. बोटाचा ठसा उठतो. डिकलखाली मायक्रो सेट (चिकटवायला मदत करणारा द्रव), बसल्यावर वरून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारा द्रव). सोलने डिकल सुरकुततं तेव्हा हात लावू नका, आपोआप बसतं. तरी कुठे चंदेरी राहिलंच तर सुईने टोचून पुन्हा सोल. दुसऱ्या दिवशी डिंकाचे डाग पाण्याने पुसा आणि डिकलवर ग्लॉसचे हलकेच हात द्या. लेव्हलिंग थिनर जाड ओतलं तर डिकल आक्रसतं. मग ४८ तास, मग वॉश.

चेन_आणि_चाकं
मॅट मारताना बाटली तळापासून ढवळा, मॅट करणारी पूड खाली बसते. पांढरे ढग आलेच तर घाबरू नका, त्यावर ग्लॉसचा एक हात दिला की बहुतेक वेळा ढग जातात. वाळला की परत मॅट, या वेळी पातळ.