मदत हवी आहे: तळघरातले भोपळे नासायला लागलेत

मंडळी, सेंट्रल न्यू जर्सीतून लिहितेय. परसबागेचा तिसरा हंगाम. थंडी पडायच्या आत सगळं आवरलं, लसूण लावून वर वाळक्या पानांचं पांघरूण घातलं. आता मार्चपर्यंत पाय पसरून बियाण्यांचे कॅटलॉग चाळायचे, असा बेत होता. पण तळघरात गेलं की वास येतो.

बटरनट भोपळे ११ निघाले, त्यातले ३ गेले. काल एकाला बोट लावलं तर देठाच्या खळग्यात नखभर आत गेलं. वर पांढरी लव, खाली चिकट पाणी. तळघरात ५५ ते ५८ फॅरनहाइट असतं, म्हणजे फार गरमही नाही. तोडले त्याच दिवशी धुऊन-पुसून फरशीवर ओळीनं मांडले होते. (देठाला धरून उचलताना चारांचे देठ हातात आले, हेही सांगून टाकते.) कोकणात आजी भोपळे सुंभानं बांधून आढ्याला टांगायची, ते महिनोन्महिने टिकायचे. माझे डिसेंबरातच राम म्हणतायत.

शेजारच्या क्रेटमध्ये कांदे-बटाटे एकत्र आहेत, बटाट्यांना बोटभर कोंब आलेत. खाल्ले तर चालतील का? आणि मिरची, भेंडी, कांदा यांची दोन वर्षांपूर्वीची पाकिटं आहेत. नवीन मागवू की तीच पेरू?

मातीखोर: देठ तुटला की तिथूनच बुरशी शिरते, त्यात तुम्ही धुतलेत. भोपळा काढल्यावर दहाएक दिवस ८० ते ८५ फॅरनहाइटला, वारा लागेल असा ठेवायचा. साल टणक होते, खरचटलेलं भरून येतं. मगच तळघर. आता ती वेळ गेली. बिनदेठाचे जे उरले असतील ते आजच चिरा, फोडी फ्रीजरला टाका. बाकीचे कोरड्या फडक्यानं पुसून लाकडी फळीवर, एकमेकांना न टेकता. आजीच्या आढ्याला चहूबाजूंनी वारा होता, तुमच्या फरशीला ओल आहे.

शिकागोची सून: कांदे-बटाटे आधी वेगळे करा गं! बटाट्याला अंधार आणि दमट गारवा लागतो, कांद्याला कोरडी हवा. बटाटा टणक असेल आणि हिरवा नसेल तर कोंब खोलवर काढून खुशाल खा. हिरवा झालेला सरळ टाकून दे.
बियांचं म्हणशील तर कांद्याचं बी दरवर्षी नवंच घ्यावं, ते लवकर मरतं. मिरची-भेंडीच्या १० बिया ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून झिपलॉकमध्ये घाल आणि उबेला ठेव. मिरचीला दोन आठवडे दे, ती आळशी. सात-आठ रुजल्या तर कशाला पैसे घालवतेस? आणि हे जानेवारीतच कर, मिरचीची रोपं शेवटच्या फ्रॉस्टच्या आठ-दहा आठवडे आधी घरात लावावी लागतात.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. बिनदेठाच्या चारांपैकी एकच उरला होता, तो चिरला. आत केशरी, अगदी ठणठणीत! निम्म्याचे घारगे केले, निम्मा फ्रीजरमध्ये. बाकीचे सात जुन्या बुकशेल्फवर चढवलेत, नवरा म्हणतो पुस्तकांपेक्षा बरे दिसतात. भेंडीच्या १० बिया फ्रिजच्या डोक्यावर ठेवल्यात. आता खिडकीतला कढीपत्ता रोज मूठभर पानं गाळतोय. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?