अमेरिकेचे संघीय सरकार मुळात ख्रिस्ती होते की निधर्मी?

प्रश्न

अमेरिकेचे सरकार ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभे राहिले, असा दावा तेथील काही राजकीय नेते वारंवार करतात. पुरावा म्हणून १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील निर्मात्याचा उल्लेख आणि ‘देवावर आमचा विश्वास आहे’ हे नाण्यांवरील वाक्य पुढे केले जाते. १७८७ च्या राज्यघटनेत मात्र, अखेरीस तारीख देताना आलेला रूढ ‘प्रभूचे वर्ष’ हा शब्दप्रयोग सोडला, तर देवाचे नाव कोठेच आढळत नाही. घटनाकार बहुतांशी ख्रिस्ती असताना हे जाणीवपूर्वक घडले असे मानण्यास काही आधार आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आधार घटनेतच आहे. सहाव्या कलमानुसार संघराज्याच्या कोणत्याही पदासाठी धर्माची अट घालता येत नाही. त्या काळी बहुतेक घटक राज्यांत अशी अट होतीच, त्यामुळे हा नजरचुकीचा प्रकार खचित नव्हे. १७८८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात घटनेच्या मंजुरीवर चर्चा चालू असताना, या तरतुदीमुळे उद्या मुसलमानही राष्ट्राध्यक्ष होऊ शकेल, असा आक्षेप निघाला, म्हणजे विरोधकांनाही तिचा अर्थ पुरता उमगला होता. पुढे उत्तर आफ्रिकेतील त्रिपोलीशी झालेल्या तहाच्या अकराव्या कलमात, अमेरिकेचे सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही, असे स्पष्ट लिहिले गेले आणि १७९७ मध्ये सिनेटने तो तह एकमताने मंजूर केला. नाण्यांवरील वाक्य १८६४ चे, म्हणजे यादवी युद्धातले. ते राष्ट्रीय ब्रीद झाले १९५६ मध्ये. स्थापनेचा पुरावा म्हणून त्याला काहीच किंमत नाही.

प्रतिसाद २

वरील माहिती बरोबर आहे, परंतु तेवढ्यावरून हे सारे धर्माविषयी उदासीन असलेल्या मूठभर विचारवंतांचे काम होते असा समज होईल, आणि तो मला मान्य नाही. व्हर्जिनिया राज्यात अँग्लिकन चर्च (इंग्लंडच्या चर्चची शाखा) हे अधिकृत चर्च होते, त्याच्यासाठी सर्वांकडून कर घेतला जाई, आणि परवान्याविना प्रवचन करणाऱ्या बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या धर्मोपदेशकांची रवानगी तुरुंगात होई. स्वातंत्र्यानंतर, १७८४ मध्ये, ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर बसवण्याचा प्रस्ताव तेथील नेते पॅट्रिक हेन्री यांनी पुढे आणला. आपला कर कोणत्या पंथाला जावा हे करदात्याने ठरवावे, अशी मुभा त्यात होती, तरीही बाप्टिस्टांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण सरकारचा पैसा आला की पाठोपाठ सरकारचा हुकूमही येतो, हे त्यांनी सोसलेले होते. पुढे घटनेचे एक प्रमुख शिल्पकार ठरलेले जेम्स मॅडिसन यांनी १७८५ मध्ये त्याविरुद्ध निवेदन लिहिले, विरोधी अर्जांवर हजारो सह्या झाल्या, विधेयक बारगळले, आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी १७७७ मध्येच लिहून ठेवलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा जानेवारी १७८६ मध्ये संमत झाला. जेफरसन यांनी आपल्या थडग्यावर कोरण्यासाठी निवडलेल्या तीन कामांत हा कायदा आहे, राष्ट्राध्यक्षपद नाही! सांगायचे इतकेच, की सरकार धर्मापासून दूर ठेवा, ही मागणी अत्यंत श्रद्धाळू लोकांचीही होती.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसादांत एक मर्यादा राहून गेली. कोणताही धर्म अधिकृत करणारा वा धर्माचरणास मनाई करणारा कायदा करू नये, असे सांगणारी १७९१ ची पहिली घटनादुरुस्ती मुळात केवळ काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाला, बांधून घालत होती, राज्यांना नव्हे. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठीचा कर १८३३ पर्यंत टिकला, आणि मेरीलँडमध्ये ज्यू नागरिकांना सरकारी पदे १८२६ पर्यंत बंद होती. केंद्राने आपल्या चर्चच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, म्हणूनही काही राज्यांना निधर्मी केंद्र हवे होते, हे विसरून चालणार नाही. राज्यांवर हे बंधन आले ते १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे, आणि तेही विसाव्या शतकातील निकालांमुळे. १९४७ च्या न्यू जर्सीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चर्च आणि शासन यांच्यातील भिंत उंच व अभेद्य राहिली पाहिजे असे बजावले, आणि त्याच निकालात, पाच विरुद्ध चार मतांनी, कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना बसभाड्याची सरकारी भरपाई देणे वैध ठरवले.