एचओ (1:87 प्रमाणातल्या मॉडेल रेल्वे) लेआउटचा चढ मोबाईलने मोजताना दर वेळी आकडा वेगळा का येतो?

लूपलाईन (इंदूर)
आठ बाय चारच्या प्लायवर एचओ ओव्हल, वळणं 18 इंच त्रिज्येची. एक ट्रॅक दुसऱ्यावरून न्यायला साधारण तीन मीटरमध्ये साडेसात सेंटीमीटर चढवलाय. मोबाईल रुळांवर ठेवला की ॲप 1.7 अंश दाखवतं, टोकं फिरवून ठेवला की 1.1. खरं काय धरायचं? सरळ भागात इंजिन सहा डबे ओढतं, वळणावर मात्र चाकं जागच्या जागी फिरतात.

शंटर_महू
सरासरी धरा, 1.4 अंश. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे मोबाईल सपाट बसत नाही. टोकं फिरवली की तीच चूक उलट बाजूने येते आणि सरासरीत निघून जाते. अंशांना 1.75 ने गुणा: 2.45 टक्के. महूजवळचा पातालपाणी-कालाकुंड रेल्वे घाट 40 ला 1, म्हणजे 2.5 टक्के. तुम्ही घाटच बांधलाय!

आयफोनचं मेजर ॲप पूर्ण अंशच दाखवतं, ते इथे कुचकामी. फायफॉक्स ॲपमध्ये दशांश दिसतात.

मोबाईल थेट रुळांवर नको. सियागंज बाजारातून 25 मिमीचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पाईप आणा, 30 आणि 15 सेमीचे दोन तुकडे करा, कडा कानशीने घासा. लांब तुकडा सरळ भागासाठी. वळणावर तो चालणार नाही: 18 इंच त्रिज्येवर 30 सेमीत रूळ मध्ये जवळपास अडीच सेंटीमीटर बाजूला जातो, पाईप धड दोन्ही रुळांवर टेकतच नाही. 15 सेमीत हा फरक 6 मिमी. आणि आधी कंट्रोलर बंद करा, पाईप दोन्ही रूळ शॉर्ट करतो.

घाटवाला
शंटरदादांचं बरोबर, पण इंजिन अडतं ते वळणाच्या ओढीमुळे (वळणावर चाकं रुळांना घासतात). एचओसाठी ढोबळ हिशेब: 32 भागिले इंचातली त्रिज्या. 18 ला 1.8 टक्के जादा चढ. म्हणजे वळणावर इंजिनाला 2.45 नाही, सव्वाचार टक्के चढ लागतो. ॲप हे कधीच दाखवणार नाही.

उपाय: खालचा ट्रॅक 3 सेमी उतरवा. प्लाय ट्रॅकच्या दोन्ही कडांनी जिगसॉने कापा, पट्टी खाली वाकवा. वरच्याला साडेचारच सेंटीमीटर चढायचं राहील, तीन मीटरमध्ये दीड टक्का.

लूपलाईन
चढाच्या मध्यावर एका जागी 2.3 अंश येतो, पुढे लगेच 0.8. टोकं फिरवूनही तेच.

शंटर_महू
मग चूक मोबाईलची नाही, प्लायला पोट आलंय. ठोकळे किती अंतरावर आहेत? 6 मिमी प्लायला 25-30 सेमीवर आधार हवाच, त्यात पावसाळ्यात प्लाय दमट होऊन आणखी बसतं. रूळ सोडवून घ्या आणि खोलगट जागी ठोकळा सरकवा, वरून दाबू नका. मग दर 15 सेमीवर पेन्सिलीने खूण करून पुन्हा मोजा. शेजारच्या दोन खुणांत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक आला तर तिथे डबे जोडणारा कपलर सुटू शकतो.

खात्री करायला पाणसळ: 30 सेमीच्या पाईपवर ठेवा, उताराकडच्या टोकाखाली पॅकिंग घाला, बुडबुडा मध्ये येईपर्यंत. 2.45 टक्क्यांना पॅकिंग 7.3 मिमी निघायला हवं. व्हर्नियरने मोजा.