मदत हवी आहे: खांद्याचे स्नायुबंध पूर्ण तुटलेत, रिव्हर्स रिप्लेसमेंट की टेंडन ट्रान्सफर?

बाबा ६७ वर्षांचे, राहणार डिचोली, गोवा. पावसाळ्यात स्कूटर घसरून उजव्या खांद्यावर पडले. एमआरआयमध्ये सुप्रास्पायनॅटस (हात वर उचलणारा) आणि इन्फ्रास्पायनॅटस (बाहेर वळवणारा) यांचे बंध पूर्ण तुटलेले, टोकं आत ग्लेनॉइडपर्यंत (खांद्याच्या वाटीपर्यंत) ओढली गेलीत, स्नायूत चरबी गुटालिए ग्रेड ३ (० ते ४ मध्ये; म्हणजे चरबी स्नायूइतकीच). सबस्कॅप्युलॅरिस (हात आत वळवणारा) शाबूत. एक्सरेत सांध्याची झीज नाही.

फिजिओथेरपी नेटाने केली, स्टिरॉइडचं इंजेक्शनही झालं. रात्रीचं दुखणं कमी झालं, पण हात खांद्याच्या वर जात नाही. दुसऱ्याने उचलला तर पूर्ण वर जातो, म्हणजे खांदा आखडलेला नाही. शर्टाची बाही चढवताना डावा हात मदतीला लागतोच. मधुमेह आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.२. रक्त पातळ करणारी गोळी नाही.

दुर्बिणीतून पूर्ण शिवणं आता टिकणार नाही, यावर दोन्ही सर्जनांचं एकमत. पुढे मात्र फाटे फुटतात. एक म्हणतात सरळ रिव्हर्स रिप्लेसमेंट (गोळा आणि वाटी उलट बसवलेला कृत्रिम सांधा). दुसरे म्हणतात झीज नाही तर सांधा का बदलायचा, लोअर ट्रॅपेझियसचं टेंडन ट्रान्सफर करू (पाठीतल्या या स्नायूचा बंध तुटलेल्याच्या जागी जोडायचा). बाबांना कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) कोयता चालवायचाय, आणि ते ऐकणाऱ्यातले नाहीत!

घरगुती तेल-लेप कृपया सुचवू नका. साधारण याच वयात, सांधा झिजलेला नसताना यांपैकी काही केलेलं कोणी आहे का? हात वर जाणं आणि बाहेर वळणं, दोन्ही परत आलं का? आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डावर (गोवा सरकारचा आरोग्य विमा) रिव्हर्सचा इम्प्लांट बसतो, की तो खिशातून?