प्राचीन ते सतरावं शतक: जागतिक साहित्याचा अभ्यास कसा लावावा?

अक्षरवेल: सहा महिने, रोज दीड तास. मराठी आणि इंग्रजी वाचता येतं, राहायला कोथरूडला. क्रम काय ठेवू?

पोथीपान: कालक्रमाने जाऊ नका. होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याचे २४ सर्ग, साडेपंधरा हजार ओळींच्या वर. तिथेच दमछाक होते आणि पुढचं राहून जातं. त्यापेक्षा 'कथेत कथा' हा धागा धरा. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत, म्हणजे तेव्हाच्या इराणी भाषेत गेलं, आठव्यात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत 'कलीला व दिमना' म्हणून आणलं, १२५१ मध्ये स्पॅनिशमध्ये उतरलं. संस्कृतात दमनक हा कोल्हा सिंहाकरवी बैलाचा जीव घेऊन मंत्रिपदावर राहतो. अरबीत मात्र त्याच्यावर खटला चालतो, शिक्षाही होते. हे दोन शेवट शेजारी ठेवून वाचा. भाषांतर म्हणजे काय, ते इथे जितकं कळतं तितकं कुठल्या व्याख्येतून कळत नाही. मग इटालियन लेखक बोकाचिओच्या 'डेकामेरॉन'मधल्या दहा दिवसांच्या शंभर कथा घ्या. तिथे कथांची चौकट प्लेगची आहे: साथीपासून दूर गेलेली माणसं त्या सांगतात.

मृत्तिका: मेसोपोटेमियाचं 'गिल्गमेश' महाकाव्य घेताना तुटक जागा दाखवणारंच भाषांतर निवडा. मातीच्या पाट्या फुटलेल्या आहेत. गुळगुळीत वाचनात अनुवादकाची भर कुठली ते कळत नाही. बारावी पाटी शेवटी जोडलेली आहे. सातवीत मेलेला गिल्गमेशचा मित्र एन्किडू तिथे जिवंत दिसतो, म्हणून गोंधळू नका.
'गेंजी' या जुन्या जपानी कादंबरीचे ५४ अध्याय आहेत. पात्रं बहुतेक हुद्द्याने ओळखली जातात आणि बढती झाली की संबोधन बदलतं. पहिल्या पानापासून वही ठेवा: पात्र, हुद्दा, अध्याय.

अक्षरवेल: आभार! आणि पुण्यात कुठे जाऊ?

पोथीपान: लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर संस्था. वाचनालयाचे नियम आधी विचारून घ्या. तिथल्याच विद्वानांनी सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक (अनेक हस्तलिखितं ताडून केलेली) आवृत्ती काढा, एकच अध्याय घ्या आणि श्लोकांखालचे पाठभेद बघा. 'मूळ' संहिता किती हातांतून येते ते उमगलं, की होमरकडेही वेगळ्या नजरेने पाहाल.

ओवीकार: आपलं मराठी यादीबाहेर ठेवू नका, अगदी कळकळीने सांगतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते पाठचिकित्सेचंच काम. गोव्यात राहिलेल्या इंग्रज जेझुइट (ख्रिस्ती संघातले) पाद्री थॉमस स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं १६१६ मध्ये, शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस गेले त्याच साली. मूळ छपाई रोमन लिपीत होती, तेव्हा देवनागरी आवृत्ती मागा. रोज पंचवीस ओव्या, मोठ्याने.