मदत हवी आहे: टेस्टोस्टेरॉन कमी, एसएचबीजीही कमी, इंजेक्शन घ्यावं का?

रानजाई:
दिरांचे रिपोर्ट आहेत, जाणकारांनी कृपया बघावेत. वय ३४, वजन ८८ किलो, कंबर १०१ सेंमी. एकूण टेस्टोस्टेरॉन २४५ नॅनोग्रॅम/डेसिलिटर, एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन) १२ नॅनोमोल/लिटर, अल्ब्युमिन (रक्तातलं दुसरं प्रथिन) ४.४ ग्रॅम/डेसिलिटर. हे रक्त दुपारी ४ वाजता, चहा-बिस्किटं झाल्यावर दिलं होतं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर १०८, इन्सुलिन २२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.०, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) २.४. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २. केसांसाठी बायोटिनची १० मिग्रॅची गोळी रोज चालू आहे. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घ्यायला सांगताहेत. मूल हवं आहे, म्हणून घाबरायला होतंय.

लोणारकाठ:
इंजेक्शन आत्ता नको. आधी चाचणी पुन्हा करा, कारण हा नमुनाच धड नाही. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि खाल्ल्यावर उतरतं. दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी रक्त द्या. बायोटिन आधी ३ दिवस बंद ठेवा. काही यंत्रांची पद्धत बायोटिनवरच चालते. तिथे या गोळीमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि एसएचबीजी खोटं कमी दिसतं. ताप-सर्दी असताना जाऊ नका.

तरी आहेत ते आकडे खरे धरून हिशेब केला. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजीला घट्ट चिकटलेलं असतं, उरलेलं बहुतेक अल्ब्युमिनला सैलसर, आणि मोकळं जेमतेम २ टक्के. २४५ ला २८.८४ ने भागलं की ८.५ नॅनोमोल. व्हर्म्युलेनच्या सूत्रात ८.५, १२ आणि ४.४ घातले की मोकळं टेस्टोस्टेरॉन सुमारे ७३ पिकोग्रॅम/मिलि येतं. कमी म्हणायची रेषा साधारण ६५ ला धरतात. म्हणजे एकूण आकडा पडलाय तो मुख्यतः वाहकच कमी असल्यामुळे. हेच एसएचबीजी ४० असतं तर त्याच २४५ मधून मोकळं फक्त ४२ आलं असतं, आणि मग गोष्ट वेगळी होती.

'फ्री टेस्टोस्टेरॉन' नावाची थेट चाचणी मिळते, तिच्यावर पैसे घालवू नका. साध्या किटवरचा तो आकडा भरवशाचा नसतो. पुन्हाही कमी आलं तर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन या मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या संप्रेरकांची चाचणी करायची.

गवतीचहा:
एसएचबीजी यकृतात बनतं, आणि खरी गोम तिथेच आहे. साखर-मैद्याचा मारा झाला की यकृत त्याची चरबी करतं. त्या धांदलीत एचएनएफ-४ अल्फा हा जनुकांचा नियंत्रक मंदावतो आणि एसएचबीजीचं उत्पादन घटतं. उपाशीपोटीची साखर १०८ गुणिले इन्सुलिन २२ भागिले ४०५ (होमा-आयआर) म्हणजे ५.९, इन्सुलिनला शरीर चांगलंच दाद देत नाहीये. थायरॉइड मंद असल्यानेही एसएचबीजी पडतं, पण इथे टीएसएच ठीक आहे. ग्रेड २ यकृत, ट्रायग्लिसराइड आणि कंबर एकाच दिशेला बोट दाखवताहेत. (आपल्याकडे पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंमी.)

रानजाई:
मग एसएचबीजी वाढवायची गोळी असते का? आणि इंजेक्शनने साखर सुधारते असं जिमवाले म्हणतात, ते खोटं का? नणंदेला पीसीओएस (अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड) आहे, तिचंही एसएचबीजी कमीच आहे.

गवतीचहा:
निव्वळ खोटं नाही, पण दिरांना लागू नाही. ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत (निकाल २०२१) ५० ते ७४ वर्षांचे, कंबर ९५ सेंमी किंवा जास्त असलेले पुरुष होते. आहार-व्यायामाच्या जोडीला इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी २ वर्षांनी १२ टक्क्यांची साखर मधुमेहाच्या पातळीत होती, नुसत्या आहार-व्यायामवाल्यांत २१ टक्क्यांची. पण इंजेक्शनवाल्यांपैकी २२ टक्के लोकांचा हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ५४ च्या वर गेला, म्हणजे रक्त दाट झालं. शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणाला हुकूम देणारं एलएच थांबवतो, वृषणातलं टेस्टोस्टेरॉन कोसळतं आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर सावरायला कित्येक महिने लागतात. मूल हवं असताना हे इंजेक्शन नाहीच.

गोळीचं म्हणाल, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळीने बायकांत एसएचबीजी भराभर चढतं, पण त्याने इन्सुलिनचं दुखणं बरं होत नाही. नुसता आकडा चढवण्यात अर्थ नाही. दिरांनी ६ ते ९ किलो उतरवावेत. शीतपेयं, फळांचे रस, गोड चहा आधी बंद; आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनाचा व्यायाम. घोरत असतील तर झोपेची तपासणी करा, श्वास अडकल्यानेही टेस्टोस्टेरॉन उतरतं. ३-४ महिन्यांनी सगळे आकडे पुन्हा काढा.

लोणारकाठ:
नणंदेबद्दल: बायकांत गणित उलटं असतं. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी असणाऱ्यांना मधुमेहाचा धोका जास्त दिसतो, बायकांत जास्त असणाऱ्यांना. एसएचबीजी कमी असणं मात्र दोघांनाही वाईट. तिच्या मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा अंदाज घ्यायला टेस्टोस्टेरॉन भागिले एसएचबीजी, गुणिले १००, दोन्ही नॅनोमोलमध्ये घेऊन काढा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा आकडा फसवा. डॉक्टरांना विचारून ३ महिने बंद ठेवल्यावरच चाचणी. तिची उपाशीपोटीची साखर ठीक असली तरी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन २ तासांनी काढायची साखर नक्की करून घ्या, पीसीओएसमधला बिघाड बरेचदा तिथेच सापडतो.